अमेरिकेतले हिस्पॅनिक पोटगट, बिगर-हिस्पॅनिक गोरे आणि कॅन्सरचे मृत्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, अमेरिकेत काम करणारे मराठी डॉक्टर आणि परिचारिका, आकडेवारीवर लिहिणारे पत्रकार या सगळ्यांकडून जवळपास तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोप्यापासून अवघडापर्यंत ते इथे लावले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिस्पॅनिक म्हणजे नेमके कोण? हा वंश आहे की भाषा?

दोन्ही नाही. अमेरिकी सरकारने १९७७ साली आकडेवारीच्या सोयीसाठी हा वर्ग ठरवला. मेक्सिको, प्युर्टो रिको, क्युबा, मध्य किंवा दक्षिण अमेरिका, किंवा आणखी कुठल्या स्पॅनिश संस्कृतीत ज्यांचे मूळ आहे ते हिस्पॅनिक, मग वंश कोणताही असो. म्हणजे हिस्पॅनिक माणूस गोरा असेल, काळा असेल, मूलनिवासी असेल किंवा तिन्हींचा वारसा सांगणारा असेल. २०२० च्या जनगणनेत ही संख्या ६.२१ कोटी होती, अमेरिकेच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यातले साधारण तीन-पंचमांश मेक्सिकन मूळचे. त्यामुळे 'हिस्पॅनिकांची सरासरी' म्हणून जो आकडा छापला जातो तो बहुतांशी मेक्सिकन लोकांचा असतो. पुढचे अर्धे गोंधळ इथूनच सुरू होतात.

२. तुलना नेहमी बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांशीच का करतात?

तो सर्वांत मोठा गट आहे, त्यामुळे दुर्मीळ कॅन्सरचेही दर त्यात स्थिर मिळतात. पण त्यांचा दर म्हणजे आरोग्याचा आदर्श नव्हे. केंटकी आणि युटा या दोन राज्यांतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि दोन्हीकडे बहुसंख्य गोरेच राहतात. हिस्पॅनिकांचा दर 'कमी' दिसतो त्यात गोऱ्यांच्या काही पिढ्यांनी ओढलेल्या सिगारेटींचा मोठा वाटा आहे.

३. एकूण पाहता हिस्पॅनिकांमध्ये कॅन्सरने कमी माणसे मरतात, हे खरे का?

हो. २०१५ ते २०१९ या काळात सर्व कॅन्सर मिळून हिस्पॅनिक स्त्री-पुरुषांचा मृत्युदर बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांपेक्षा २५ ते ३० टक्क्यांनी कमी होता. फुप्फुस, स्तन, मोठे आतडे, प्रोस्टेट या चारही नेहमीच्या कॅन्सरमध्ये तो कमी आहे. संसर्गाशी जोडलेल्या कॅन्सरमध्ये मात्र चित्र उलटे आहे. यकृताचा आणि जठराचा कॅन्सर हिस्पॅनिकांना गोऱ्यांच्या जवळपास दुपटीने होतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या हिस्पॅनिक स्त्रियांना ३२ टक्क्यांनी जास्त, तर प्युर्टो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या स्त्रियांना ७८ टक्क्यांनी जास्त होतो.

शिवाय चांगल्या बाजूचे अंतरही घटत चालले आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गोऱ्यांचा रुग्णदर १०० धरला तर हिस्पॅनिकांचा १९९५ साली ७५ होता, २०१८ मध्ये तो ९१ वर आला. गोऱ्यांमध्ये तपासणी लवकर पसरली आणि दर घसरला, हिस्पॅनिकांपर्यंत ती उशिरा पोहोचली.

४. दर कमी आहे, तर मग हिस्पॅनिकांच्या मृत्यूचे पहिले कारण कॅन्सर कसे?

दर आणि वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोविडपूर्व वर्षांत हिस्पॅनिकांच्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक कॅन्सरचा होता, आणि कारणांच्या यादीत कॅन्सर हृदयविकाराच्या वर होता. हा समाज तरुण आहे. हिस्पॅनिकांचे मध्यम वय ३० च्या आसपास, बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचे ४४ च्या आसपास. हृदयविकाराचे बहुतेक मृत्यू सत्तरी-ऐंशीत होतात आणि तितकी म्हातारी माणसे या समाजात अजून कमी आहेत. म्हणून कॅन्सर वर दिसतो.

५. 'वयानुसार समायोजित दर' म्हणजे काय? नुसते मृत्यू भागिले लोकसंख्या का चालत नाही?

कारण उत्तर उलटे येऊ शकते. एक काल्पनिक उदाहरण मांडून बघू. दोन गावे, प्रत्येकी एक लाख वस्ती.

पहिल्या गावात ५५ च्या आतले ८०,००० आणि वरचे २०,०००. तरुणांत लाखामागे ३० मृत्यू, म्हणजे २४. वयस्करांत लाखामागे ५००, म्हणजे १००. एकूण १२४.

दुसऱ्या गावात ६०,००० आणि ४०,०००. तरुणांत लाखामागे २५, म्हणजे १५. वयस्करांत लाखामागे ४५०, म्हणजे १८०. एकूण १९५.

कच्चा दर पाहिला तर पहिले गाव सुखी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वयोगटांत तिथलाच दर जास्त आहे. आता दोन्ही गावांना एकच वयरचना लावा, समजा ७५ टक्के तरुण आणि २५ टक्के वयस्कर. पहिल्याचा दर १४७.५ येतो, दुसऱ्याचा १३१.३. अमेरिकेत असे वजन देण्यासाठी २००० सालची प्रमाण लोकसंख्या वापरतात. पोटगटांच्या तुलनेत तर याला पर्यायच नाही: क्युबन हा हिस्पॅनिकांतला सर्वांत वयस्कर मोठा गट, मेक्सिकन खूपच तरुण. ज्या तक्त्यावर 'समायोजित' लिहिलेले नाही तो तक्ता या तुलनेसाठी बाजूला ठेवावा.

६. पोटगटांमध्ये खरोखर इतका फरक आहे का?

आहे, आणि आमच्या मते मूळ विषय हाच आहे.

मेक्सिकन मूळच्या लोकांचा एकूण कॅन्सर मृत्युदर कमी आहे. उत्पन्न कमी, विमा नसलेल्यांचे प्रमाण मोठे, तरीही कमी. फुप्फुसाचा कॅन्सर कमी असणे हे यामागचे सर्वांत मोठे कारण. यकृत, जठर, पित्ताशय आणि गर्भाशयमुख या चार जागी मात्र हा गट गोऱ्यांच्या पुढे आहे.

क्युबन पुरुषांचे चित्र गोऱ्यांच्या जवळ जाते. फुप्फुस, मोठे आतडे आणि प्रोस्टेट हे इथले मोठे कॅन्सर. क्युबन स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा दर मेक्सिकन स्त्रियांपेक्षा कमी आहे.

प्युर्टो रिकन पुरुषांवर दुहेरी भार पडतो. सिगारेट आणि प्रोस्टेटमुळे येणारे मृत्यू क्युबनांसारखे, आणि वर यकृत व जठराचे मृत्यू. फ्लोरिडाच्या मृत्युनोंदींत क्युबन आणि प्युर्टो रिकन पुरुषांचे दर मेक्सिकन पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त दिसले आहेत.

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातून आलेले लोक सिगारेट कमी ओढतात, त्यामुळे फुप्फुसाचे मृत्यू कमी. प्रोस्टेटकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास इथून आलेल्यांचा एकूण दर कमी, पण जठर, यकृत आणि गर्भाशयमुख यांचे प्रमाण मोठे.

'दक्षिण अमेरिकी' हा गट तर स्वतःच एक गाठोडे आहे. एकट्या कोलंबियात नारिन्यो प्रांतातल्या अँडीजच्या डोंगराळ गावांत जठराचा कॅन्सर भरपूर आणि त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर तुमाकोला तुरळक. जठराच्या कॅन्सरशी जोडलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची लागण मात्र दोन्हीकडे सारखीच पसरलेली.

७. क्युबन आणि प्युर्टो रिकन वेगळे का पडतात?

पहिले कारण सिगारेट. हिस्पॅनिकांच्या आरोग्याचा एक मोठा पाहणी-अभ्यास २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे १६,४१५ लोकांवर सुरू झाला. त्यात प्युर्टो रिकन पुरुषांपैकी आणि स्त्रियांपैकीही सुमारे एक तृतीयांश धूम्रपान करणारे निघाले. क्युबन पुरुषांचे प्रमाणही तिशीच्या वर होते. डॉमिनिकनांमध्ये ते ११ टक्क्यांच्या आसपास होते. मेक्सिकनांमध्ये रोज न ओढणारे, अधूनमधून ओढणारे बरेच असतात.

दुसरे कारण कॅरिबियन बेटांवरचा आफ्रिकी वारसा. प्रोस्टेटचा कॅन्सर आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत जास्त आणि जास्त घातक आढळतो. प्युर्टो रिको बेटावर पुरुषांच्या कॅन्सर-मृत्यूंत प्रोस्टेटचा पहिला क्रमांक आहे, मुख्य भूमीवरच्या हिस्पॅनिक पुरुषांत तो फुप्फुसाचा.

तिसरी गोष्ट लोकांना चकवते. प्युर्टो रिकन १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत आणि क्युबनांना १९६६ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा मार्ग सोपा झाला. कागदपत्रे आणि विमा या बाबतीत हे दोन्ही गट मेक्सिकन किंवा मध्य अमेरिकी स्थलांतरितांपेक्षा बऱ्या स्थितीत आहेत, तरी पुरुषांचे दर जास्त. कॅन्सर होणे आणि उपचार मिळणे या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे इथे लख्ख दिसते.

८. यकृताचा कॅन्सर इतका का?

गटागटाने कारण बदलते. प्युर्टो रिकनांमध्ये हिपॅटायटिस सी मोठा, त्यात इंजेक्शनने घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांचा वाटा. मेक्सिकनांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह, यकृतात साचणारी चरबी आणि पुरुषांत दारू. ग्वाटेमालातून आलेल्यांना लहानपणापासून मक्यातल्या बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष पोटात गेलेले असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून धुण्याच्या तिथल्या पद्धतीने ते कमी होते, पण पूर्ण जात नाही.

यात एक जनुकीय धागाही आहे. यकृतात चरबी साठवणाऱ्या पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार हिस्पॅनिकांमध्ये जास्त आढळतो. डॅलसमधल्या २००८ च्या अभ्यासात त्याची वारंवारिता हिस्पॅनिकांत सुमारे ४९ टक्के, युरोपीय वंशाच्यांत २३ टक्के आणि आफ्रिकी वंशाच्यांत १७ टक्के होती.

व्यवहारात महत्त्वाचे ते हे: हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. सिऱ्हॉसिस (यकृतावर वण पडून ते कडक होणे) झालेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. नियमित तपासणी नसली की गाठ मोठी झाल्यावरच कळते, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते.

९. जठर आणि गर्भाशयमुखाचे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत ना?

गर्भाशयमुखाचे बहुतांशी टाळता येतात. अमेरिकेत २१ ते २९ वयात दर तीन वर्षांनी पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची), ३० ते ६५ मध्ये तीच किंवा दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणी (या कॅन्सरमागच्या विषाणूची), असा नियम आहे. ज्या बाईने कधीच तपासणी केलेली नाही तिच्यात धोका एकवटतो, आणि अशा स्त्रिया नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांत अधिक असतात. जठरासाठी अमेरिकेत सरसकट तपासणी नाही. पायलोरी जिवाणू (प्रश्न ६) सापडला तर साधारण १४ दिवसांची औषधे पुरी करायची आणि तो गेला का हे चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. ही दुसरी तपासणी सर्रास राहून जाते.

१०. 'हिस्पॅनिक विरोधाभास' काय आहे? की मरणासन्न लोक मायदेशी परततात म्हणून आकडे कमी दिसतात?

गरिबी जास्त, विमा कमी, तरी मृत्युदर कमी, याला १९८६ पासून विरोधाभास म्हणतात. दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. स्थलांतर करणारे मुळातच धडधाकट असतात, हे एक. दुसरे तुम्ही म्हणता ते: आजारी माणसे शेवटी गावी जातात आणि त्यांचा मृत्यू अमेरिकेच्या वहीत चढत नाही.

दुसऱ्या शंकेची १९९९ मध्ये नेमकी परीक्षा झाली. क्युबन सहजी परत जाऊ शकत नव्हते, आणि प्युर्टो रिको बेटावरचे मृत्यू अमेरिकेच्या राष्ट्रीय मृत्युसूचीत सापडतात. तरीही दोन्ही गटांत एकूण मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमीच निघाला. २००८ मध्ये पेन्शनच्या नोंदी तपासल्या तेव्हा परत जाण्याचा परिणाम दिसला, पण सगळा फरक समजावण्याइतका मोठा नव्हता.

जगण्याच्या आकड्यांना मात्र तो जास्त फसवतो. देश सोडून गेलेला रुग्ण कॅन्सर नोंदवहीत 'जिवंत' राहतो, वर्षानुवर्षे. त्यामुळे परदेशात जन्मलेल्या हिस्पॅनिकांचे 'पाच वर्षे जगण्याचे प्रमाण' अवाजवी चांगले दिसते.

११. अमेरिकेत जन्मलेल्या पिढीचे काय?

फुप्फुस, मोठे आतडे आणि स्तनाच्या कॅन्सरचे दर दुसऱ्या पिढीत वाढतात. जठर आणि गर्भाशयमुखाचे घटतात. यकृत हा अपवाद लक्षात ठेवावा: अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन मूळच्या पुरुषांत तो स्थलांतरितांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून 'मेक्सिकन' एवढे लिहून भागत नाही, जन्म कुठला तेही लिहावे लागते.

१२. मृत्यूच्या दाखल्यावर गट कोण लिहितो? तो चुकतो का?

मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितो. गट लिहितो अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस, घरच्यांना विचारून. २००३ च्या नमुना दाखल्यावर चौकटी अशा आहेत: हिस्पॅनिक नाही; मेक्सिकन, मेक्सिकन अमेरिकन किंवा चिकानो (मिळून एकच चौकट); प्युर्टो रिकन; क्युबन; इतर, आणि पुढे नाव लिहायला रिकामी रेघ. दुःखात बुडालेल्या कुटुंबाला हे विचारणे त्या माणसाला जड जाते. मग आडनाव आणि चेहरा पाहून खूण होते, किंवा 'इतर' वर खूण करून रेघ कोरी राहते.

जिवंतपणी स्वतः सांगितलेली ओळख आणि दाखल्यावरची ओळख जुळवून पाहिली तेव्हा १९९० च्या दशकात हिस्पॅनिक मृत्यू सुमारे ५ टक्क्यांनी कमी नोंदले गेल्याचे दिसले. पुढे ही तूट ३ टक्क्यांच्या आसपास आली. प्रश्न ३ मधला २५ ते ३० टक्क्यांचा फरक यातून पुसला जात नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकी गटांत मात्र कोऱ्या रेघेमुळे गळती जास्त असते, तिथे छोट्या फरकावर विश्वास टाकू नये.

१३. मला स्वतः पोटगटांचे दर काढायचे आहेत. कसे काढू?

अंश म्हणून राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या वार्षिक मृत्युफाइली घ्या. परदेशी रहिवासी वगळा. सर्व कॅन्सरसाठी आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय संकेतांक) मधले सी००–सी९७, फुप्फुसासाठी सी३४, जठरासाठी सी१६, यकृतासाठी सी२२, गर्भाशयमुखासाठी सी५३. हिस्पॅनिक मूळाच्या संकेतांकांत २१०–२१९ मेक्सिकन, २६०–२६९ प्युर्टो रिकन, २७०–२७४ क्युबन, २७५–२७९ डॉमिनिकन, आणि ९९६–९९९ म्हणजे माहीत नाही.

छेद म्हणून जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून त्याच पोटगटाची वयोगटवार लोकसंख्या घ्या. किमान पाच वर्षे एकत्र करा. मग २००० च्या प्रमाण लोकसंख्येने वजन द्या (प्रश्न ५).

चुका ठरलेल्या जागी होतात. सी२२ मध्ये यकृतातल्या पित्तनलिकेचा कॅन्सरही येतो. फक्त यकृतपेशींचा हवा असेल तर सी२२.० वेगळा काढा. गर्भाशयमुखाचे काही मृत्यू सी५५ मध्ये, म्हणजे 'गर्भाशय, जागा न सांगितलेली' यात दडतात. २० पेक्षा कमी मृत्यूंवर दर काढू नका, ते केंद्रही असा दर अविश्वसनीय मानते. राज्यांनी २००३ चा दाखला वेगवेगळ्या वर्षी स्वीकारला, त्यामुळे जुनी कालमालिका जोडताना राज्यवार तपासा. आणि छेद स्वतःच्या सांगण्यावरून, अंश दुसऱ्याच्या सांगण्यावरून येतो (प्रश्न १२), हे अहवालात स्पष्ट लिहा.

१४. प्युर्टो रिको बेटावरचे मृत्यू अमेरिकेच्या आकड्यात धरतात का?

राष्ट्रीय आकड्यात नाही. तो ५० राज्ये आणि राजधानीचा असतो. बेटावरच्या सुमारे ३२ लाख लोकांचे आकडे वेगळे छापले जातात. तक्त्यात 'प्युर्टो रिकन' दिसले की मुख्य भूमीवरचे की बेटावरचे, हे आधी बघा.

१५. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हिस्पॅनिक मुले मागे का?

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हिस्पॅनिक मुलांत सर्वाधिक आढळतो आणि उलटण्याचा धोकाही जास्त असतो. २०११ मध्ये दिसले की हा धोका मूलनिवासी अमेरिकी वारशाच्या प्रमाणाशी बांधलेला आहे. त्याच अभ्यासात असेही दिसले की केमोथेरपीचा एक जादा जोरकस टप्पा दिलेल्या मुलांत हा जादा धोका उरला नाही. वारसा म्हणजे अटळ प्राक्तन असे मानणाऱ्यांना हे उदाहरण जरूर दाखवावे. हाच वारसा दुसरीकडे राखणही करतो: सहाव्या गुणसूत्रावरचा मूलनिवासी मूळचा एक बदल असलेल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळच्या, स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर कमी होतो.

१६. माझे रुग्ण थोड्याच सिगारेटी ओढतात. त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी मिळेल का?

अमेरिकेतल्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे पात्रता अशी: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे, आणि अजून ओढत असणे किंवा सोडून १५ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसणे. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पॅक-वर्ष. रोज ८ सिगारेटी ४० वर्षे ओढणारा माणूस १६ पॅक-वर्षांवर थांबतो आणि अपात्र ठरतो. हिस्पॅनिक रुग्णांत असे पुष्कळ सापडतात. म्हणून इतिहास घेताना 'रोज किती' एवढेच न विचारता वयाच्या टप्प्याटप्प्याने विचारा: विशीत किती, कामावर असताना किती, सुट्टीच्या दिवशी किती. बेरीज अनेकदा वाढते.

१७. गोव्याचे किंवा वसईचे फर्नांडिस, परेरा, रॉड्रिग्ज अमेरिकेत हिस्पॅनिक ठरतात का?

नाही. व्याख्या स्पॅनिश मुळाची आहे, पोर्तुगीज आडनावाने ती लागू होत नाही. गोंधळाचा धोका नोंदीत आहे. कॅन्सर नोंदवह्यांत मूळ लिहिलेले नसेल तर आडनावांच्या यादीवरून हिस्पॅनिक ओळखण्याची पद्धत वापरतात, आणि काही आडनावे दोन्हीकडे सारखी असतात किंवा लिहिताना एका अक्षराने बदलतात. स्पॅनिश आडनावांच्या फिलिपिनो लोकांना याच कारणाने जन्मस्थळ पाहून वगळावे लागते. रुग्णालयात नाव नोंदवताना जन्मस्थळ 'भारत' आणि वंश 'एशियन इंडियन' असे स्वतः सांगावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचेही सांगून ठेवावे. २००३ च्या दाखल्यावर 'एशियन इंडियन' ही वेगळी चौकट आहे, पण भरणाऱ्याला माहिती दिली तरच तिच्यावर खूण होते.